परमवीर चक्र

शत्रूसमोर गाजवलेल्या असामान्य शौर्यासाठी दिला जाणारा भारताचा सर्वोच्च लष्करी सन्मान. २६ जानेवारी १९५० रोजी तो सुरू झाला, पण लागू धरला गेला १५ ऑगस्ट १९४७ पासून. त्यामुळे काश्मीरची पहिली लढाई त्याच्या कक्षेत आली. शांतताकाळात त्याच्या तोडीचा मान अशोक चक्राचा आहे.

ब्रिटिश अमदानीत ही जागा व्हिक्टोरिया क्रॉसची होती. भारतीय सैनिक त्यासाठी पात्र ठरले ते १९११ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे (मरणोत्तर) आणि नामदेव जाधव यांनी तो मिळवला होता. स्वतंत्र देशाला मात्र स्वतःचे पदक हवे होते. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्याच्या आरेखनाचे काम सावित्रीबाई खानोलकरांवर सोपवले. या मूळच्या स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या मराठी घरात आल्या आणि संस्कृत, पुराणे यांत रमल्या. वज्रासाठी स्वतःच्या अस्थी देणारे दधीची त्यांना आठवले, आणि पदकावर इंद्राचे वज्र आले.

पदक दिसायला अगदी साधे, कांस्याचे, जेमतेम ३५ मिलिमीटर व्यासाचे. मधोमध राजमुद्रा, भोवती चार वज्रे. मागच्या बाजूला हिंदी व इंग्रजीत नाव आणि दोन कमळे. फीत जांभळी, तिच्यावर दुसरा रंग नाही.

पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे डावा हात प्लास्टरमध्ये असताना ते जवानांना मॅगझिन भरून देत होते. तोफगोळ्याच्या स्फोटात त्यांना वीरमरण आले. योगायोग असा, की त्यांचे धाकटे भाऊ सावित्रीबाईंचे जावई.

आजवर हा मान फक्त २१ जणांना मिळाला आहे, त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. वीस जण भूदलाचे. वायुदलाचे एकटे निर्मलजितसिंग सेखों. नौदलाचे कोणीही नाही. पूना हॉर्स या रेजिमेंटकडे दोन परमवीर चक्रे आहेत: १९६५ चे लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ चे पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल. मेजर धनसिंग थापा यांचे प्रकरण तर विलक्षण. १९६२ मध्ये त्यांना मरणोत्तर म्हणून सन्मान जाहीर झाला, आणि पुढे ते चिनी कैदेतून जिवंत परतले!

मराठी वाचकाला रामा राघोबा राणे अधिक जवळचे वाटावेत. कारवारजवळच्या चेंडिये गावचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा–राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि झाडांच्या ओंडक्यांचे अडथळे होते, आणि वरून गोळीबार चालू होता. पहिल्याच दिवशी जखमी झालेले राणे मागे गेले नाहीत. एका टप्प्यावर ते चालत्या रणगाड्याखाली शिरले, त्याच्याबरोबर सरपटत राहिले आणि हातातल्या दोरीने चालकाला इशारे देत गाडी पुढे नेली. चार दिवसांत रणगाड्यांसाठी वाट मोकळी झाली. राणे हा सन्मान जिवंतपणी मिळवणाऱ्या सातांपैकी एक.

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ निनावी बेटांना या २१ जणांची नावे देण्यात आली.