आठ तलवारी आणि मोकळे पाय

भविष्य सांगायला वापरतात त्या टॅरोच्या पत्त्यांत ‘आठ तलवारी’ नावाचं एक पान आहे. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती आवळलेले बंध अशी एक बाई उभी आहे आणि आजूबाजूला जमिनीत तलवारी रोवल्या आहेत. नोकरीत घुसमटलेला माणूस पाहताक्षणी म्हणेल, ‘हा मीच!’ दुसऱ्या कुणाला मात्र आधी हे दिसेल, की तिचे पाय बांधलेले नाहीत आणि समोरची वाट मोकळी आहे. चित्र एकच, पण कुणाची नजर कुठे अडली यावरून त्याच्या मनात काय चाललंय याचा थोडा सुगावा लागतो. मानसशास्त्राला टॅरोत रस वाटावा तो एवढ्यासाठीच.

भविष्याचा संबंध बराच नंतरचा. ही ७८ पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत चक्क डाव खेळण्यासाठी निघाली आणि त्यांतली २१ हुकमाची होती. त्यांवरून भविष्य सांगण्याची टूम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये फोफावली. चित्रकार पॅमेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला; वरची आठ तलवारींची बाई त्यातलीच. आधीच्या बहुतेक संचांत साध्या, आकड्यांच्या पानांवर नुसती चिन्हं असायची, स्मिथ यांनी तिथेही माणसं आणि प्रसंग रंगवले. प्रसंग दिसला की मन गोष्ट रचू लागतं. १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी याच सवयीवर एक चाचणी बेतली: संदिग्ध चित्र दाखवायचं आणि गोष्ट सांगायला लावायची. अशा चाचण्या किती भरवशाच्या, यावर मानसशास्त्रज्ञांचे वाद आहेतच. टॅरो तर चाचणीही नव्हे.

खरी मेख पुढे आहे. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला. त्यातली बरीच वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातली होती. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! समोरचा आपल्याविषयी गुळगुळीत काहीतरी बोलतो, आपण मान डोलावतो. टॅरोवाल्याची बैठक बहुधा यावरच चालते.

म्हणून बोलायचं काम आपल्याकडेच ठेवावं. ‘मला बढती मिळेल का?’ यापेक्षा ‘बढतीबद्दल मी कशाला घाबरतोय?’ हे विचारावं. पान उचलल्यावर अर्थाचं पुस्तक लगेच उघडू नये, आधी जे दिसतं ते चार ओळींत लिहावं. एरवी आपण तोच तो विचार चघळत बसतो. पिसून आलेलं पान आपण निवडलेलं नसतं, त्यामुळे प्रश्नाकडे वेगळ्या बाजूनं पाहावं लागतं. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर मात्र पत्ते बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जायला हवं.

आणि नकोसं पान आलं म्हणून पुन्हा पिसावंसं वाटलं, तर तेही टिपून ठेवा. कोणतं उत्तर हवं होतं, हे त्यातून बरेचदा आयतंच कळतं.