ड्राफ्टमध्ये पहिला नंबर, तरी पोरगा लीगमध्ये टिकत का नाही?

एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, ही कॅनडा-अमेरिकेतली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग. ३२ टीम्स आहेत, एकेका टीमच्या रोस्टरवर २३ जण, म्हणजे आख्ख्या लीगमध्ये जागा किती तर ७३६. आणि दरवर्षी जो ड्राफ्ट होतो, म्हणजे टीम्स आळीपाळीने नवीन पोरं निवडतात, त्यात ७ फेऱ्यांमध्ये मिळून २२४ पोरं निवडली जातात, बहुतेक जण १८ वर्षांचे, काहींचा तर अठरावा वाढदिवसही अजून व्हायचा असतो. आता चांगला खेळाडू दहा-पंधरा वर्षं जागा सोडत नाही, मग दरवर्षी २२४ जागा रिकाम्या होणार कुठून? त्यामुळे पाचव्या-सहाव्या फेरीतली बरीचशी पोरं लीगपर्यंत पोचतच नाहीत, यात आश्चर्य काहीच नाही, हिशोबच तसा आहे.

खरा प्रश्न वरच्या नंबरवाल्यांचा आहे. १९९३ साली ओटावा सेनेटर्सनी अलेक्झांडर डेगलला पहिल्या नंबरवर घेतलं, पाच वर्षांचे सव्वाबारा मिलियन डॉलर दिले. हा आकडा इतका गाजला की पुढे १९९५ च्या करारात नवीन खेळाडूंच्या पगारावर मर्यादाच घातली गेली. डेगल ६१६ मॅचेस खेळला, म्हणजे अगदीच काही केलं नाही असं नाही, पण ज्याच्याकडून पुढची पंधरा वर्षं टीम ओढायची अपेक्षा होती तो हा नव्हता. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर गेलेला क्रिस प्रॉन्गर आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. १९९९ मध्ये अटलांटाने पॅट्रिक श्टेफानला पहिला घेतला, तो ४५५ मॅचेसनंतर थांबला, आणि त्याच वर्षी २१० व्या नंबरवर डेट्रॉइटने उचललेला हेन्रिक झेटरबर्ग पुढे त्या टीमचा कॅप्टन झाला.

असं झालं की लोक लगेच बोलून मोकळे होतात की पोरगा आळशी निघाला, डोक्यात हवा गेली, पैसा लवकर मिळाला. मला हे पटत नाही. एखाद-दुसऱ्याच्या बाबतीत असेलही, पण दर वर्षी, दर टीमच्या बाबतीत तेच होत असेल तर चूक पोराच्या स्वभावात शोधण्याआधी आपण त्याला मोजला कसा ते बघायला पाहिजे. सतरा-अठरा वर्षांचं शरीर अजून पूर्ण झालेलं नसतं, मेंदूचा निर्णय घेणारा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो, आणि त्या वयातल्या आकड्यांवरून आपण पंचविशीतला माणूस ओळखायला निघतो. एवढ्या लांबचा अंदाज चुकणारच.

मोजमापातली सगळ्यात मोठी गडबड जन्मतारखेची आहे. १९८० च्या दशकात कॅनडातल्या लेथब्रिज गावी रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ ज्युनियर हॉकीची मॅच बघायला गेले होते, तिथे मॅचचं माहितीपत्रक चाळताना त्यांच्या पत्नी पॉला यांच्या लक्षात आलं की खेळाडूंचे वाढदिवस जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असेच जास्त आहेत. मग त्यांनी मोठ्या संख्येने खेळाडूंच्या तारखा तपासल्या तर सगळीकडे तेच चित्र. कारण साधं आहे, कॅनडात लहान मुलांचे वयोगट १ जानेवारीला पाडतात. आपल्याकडे बालवाडीच्या एकाच वर्गात अकरा महिन्यांनी मोठं पोर आणि लहान पोर शेजारी बसलेलं असतं तेव्हा मोठं पोर हुशार वाटतं, तसंच. आठ-नऊ वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे भरपूर फरक, उंची, वजन, ताकद सगळ्यातच. जानेवारीतलं पोर निवड चाचणीत चमकतं, त्याला वरची टीम मिळते, चांगला कोच मिळतो, बर्फावर जास्त तास मिळतात, आणि मग चार वर्षांनी ते खरोखरच चांगलं झालेलं असतं. डिसेंबरातलं पोर तोवर खेळ सोडून गेलेलं असतं.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती कमी लोकांना माहीत असते. २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ या काळात ड्राफ्ट झालेल्या कॅनेडियन खेळाडूंचा अभ्यास छापला. निवडलेल्यांपैकी ३६ टक्के वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले होते, शेवटच्या तीन महिन्यांतले जेमतेम साडेचौदा टक्के. आणि पुढे ४०० मॅचेस किंवा २०० पॉइंट्स (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास मिळून) असा टप्पा गाठण्याची शक्यता मात्र वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यातल्या पोरांची जवळपास दुप्पट निघाली! म्हणजे स्काउट, टीम्ससाठी पोरं हेरणारे लोक, वर्षानुवर्षं जानेवारीवाल्यांना गरजेपेक्षा वर आणि ऑक्टोबरवाल्यांना गरजेपेक्षा खाली निवडत होते, तेही हॉकी पाहण्यात आयुष्य घालवलेले लोक, ज्यांचा पगारच या कामाचा असतो. याचं एक कारण असं दिसतं की उशिरा जन्मलेलं जे पोर ड्राफ्टपर्यंत टिकलं ते सतत आपल्यापेक्षा मोठ्यांशी झुंजत आलेलं असतं, अंगाच्या जोरावर जिंकायची सोय त्याला कधी मिळालेलीच नसते.

ही सोय ज्यांना मिळते त्यांची अडचण लीगमध्ये गेल्यावर कळते. ज्युनियर लीगमधला स्टार त्याच्या वयाच्या पोरांमध्ये सगळ्यात वेगवान, सगळ्यात दणकट असतो, त्यामुळे पक (आइस हॉकीतली रबरी चकती) घेतला, एकाला चकवलं, दुसऱ्याला खांद्याने बाजूला केलं आणि गोल, हे रोजचं. एनएचएलमध्ये समोर २८ वर्षांचा पूर्ण वाढलेला डिफेन्समन असतो आणि रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, तेवढीच, साधारण ६१ मीटर बाय २६. थोडं गणित करून बघा, दोघंही ताशी ३० किलोमीटरने समोरासमोर येतायत, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला १६-१७ मीटरने कमी होतंय, म्हणजे पाच मीटर मोकळी जागा दिसली ती एक तृतीयांश सेकंदात संपली. दोन-तीन पर्यायांतून एक निवडून हात हलवायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पक स्टिकवर आल्यावर विचार करू म्हटलं तर उशीर झालेलाच असतो, निर्णय आधीच झालेला हवा.

हे आधीच ठरवणं येतं कुठून, तर मेंदूत साठलेल्या नमुन्यांतून. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांचा बुद्धिबळावरचा एक प्रयोग गाजला. चालू डावातला पट पाच सेकंद दाखवला तर मास्टर खेळाडू मोहऱ्यांच्या जागा भराभर परत मांडतो, नवख्याला चार-पाचच जमतात, पण मोहरे वाटेल तसे विस्कटून ठेवले की मास्टरचा तो फायदा जवळजवळ संपतो. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती जगावेगळी नसते, त्याला ओळखीच्या रचना दिसतात. हॉकीतही जुना खेळाडू पक यायच्या आधी मान वळवून दोन्ही खांद्यांवरून नजर टाकतो, कोण कुठे आहे ते टिपतो आणि पास आला की लगेच पुढे सरकवतो. ज्याचं ज्युनियरमध्ये वेगाच्या जोरावर सगळं निभावत होतं त्याला मान वळवायची गरजच पडली नव्हती. २०२० चा पहिला नंबर अलेक्सी लाफ्रेनिएर ज्युनियरच्या शेवटच्या सीझनला ५२ मॅचेसमध्ये ११२ पॉइंट्स करून आला आणि एनएचएलच्या पहिल्या सीझनमध्ये ५६ मॅचेसमध्ये त्याचे २१ झाले. तो टिकला, २०२३-२४ मध्ये ५७ पॉइंट्सपर्यंत गेला, पण चौथ्या सीझनला, आणि तेवढं थांबायला न्यूयॉर्क रेंजर्स तयार होते म्हणून.

सगळ्यांना एवढा वेळ मिळत नाही. नाइल याकुपोवचं प्रकरण मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. तातारस्तानातल्या निझनेकाम्स्कचा हा पोरगा, २०१२ मध्ये एडमंटन ऑइलर्सचा पहिला नंबर (आणि हो, हा ऑक्टोबरातला, म्हणजे जन्मतारखेचा नियम सरासरीचा आहे, प्रत्येकाला लागू होत नाही). जानेवारी २०१३ मध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध मॅच संपायला पाचेक सेकंद असताना त्याने बरोबरीचा गोल मारला आणि आख्ख्या रिंकवर गुडघ्यांवर घसरत गेला, आजही तो व्हिडिओ लोक शोधून बघतात. लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद होती) ४८ मॅचेसच्याच झालेल्या त्या सीझनमध्ये त्याने १७ गोल केले, शेवटच्या मॅचला हॅटट्रिक. पुढच्या सीझनला ६३ मॅचेसमध्ये गोल फक्त ११, आणि पोरगा बिघडला अशी ओरड सुरू.

आता शॉट्स बघा. पहिल्या सीझनला ८१ शॉट्सवर १७ गोल, म्हणजे २१ टक्के. लीगची सरासरी नऊ-दहा टक्क्यांच्या घरात असते, २१ टक्के वर्षानुवर्षं कोणाचेच राहत नाहीत. दुसऱ्या सीझनला १२२ शॉट्सवर ११ गोल, ९ टक्के. म्हणजे दर मॅचला तो आधीपेक्षा थोडे जास्तच शॉट्स मारत होता! गोलांची टक्केवारी सरासरीकडे परत आली एवढंच, आकडेशास्त्रात हे रोज दिसतं, नशिबाने एकदा खूप वर गेलेला आकडा पुढच्या खेपेला खाली येतोच. बचावात तो कच्चा होता हे खरंच आहे, त्या सीझनला त्याचा प्लस-मायनस (तो बर्फावर असताना टीमने केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक) उणे ३३ होता, आणि तेवढीच ती टीमही वाईट होती. पण कच्चेपणावर उपाय शिकवणं हा असतो. नव्या कोचने त्याला सीझनच्या सुरुवातीलाच बाहेर बसवलं, आणि चार सीझनमध्ये क्रूगर, ईकिन्स, हंगामी म्हणून नेल्सन, मग मॅक्लेलन असे कोच बदलत गेले, प्रत्येकाची पद्धत वेगळी. विसाव्या वर्षी खेळ शिकणाऱ्या मुलाला दरवर्षी नव्याने शिकायला लावलं तर ते नमुने मेंदूत बसणार कसे? ३५० मॅचेस झाल्यावर २०१८ मध्ये तो रशियाला परत गेला.

शिवाय भूमिकेचाही प्रश्न असतो. टीममध्ये फॉरवर्ड्सच्या चार लाइन्स, वरच्या दोन गोल करणाऱ्यांच्या, आणि खालच्या दोन बहुतेक ठिकाणी धक्काबुक्की, बचाव, पेनल्टी किल (पेनल्टीमुळे एक खेळाडू कमी असताना गोल वाचवणं) यासाठी. गोल मारण्यासाठी निवडलेला पोरगा वरच्या दोनांत बसला नाही तर त्याला चौथ्या लाइनवर आठ-नऊ मिनिटं मिळतात, तेही असं काम करायला जे त्याने आयुष्यात केलेलं नाही.

आणि नियमही मदतीला येत नाहीत. कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीग्समधून ड्राफ्ट झालेला आणि टीमशी करार केलेला १८-१९ वर्षांचा खेळाडू एनएचएलच्या खालोखालच्या एएचएलमध्ये सीझनभर पाठवायला वर्षानुवर्षं बंदी होती, एक तर थेट एनएचएल नाही तर परत ज्युनियर. एक जागा त्याच्यासाठी फार कठीण, दुसरी फार सोपी, आणि शिकायला लागतं ते मधलं ठिकाण बंद. एनएचएलमध्ये दहावी मॅच खेळला की कराराचं पहिलं वर्ष खर्ची पडतं, त्यामुळे नवव्या मॅचनंतर टीमला घाईघाईत ठरवावं लागतं.

याकुपोवच्याच ड्राफ्टमध्ये विनिपेगने १३० व्या नंबरवर कॉनर हेलेबक नावाचा गोलकीपर घेतला. टेक्सासमधल्या एका टीमकडून दुय्यम ज्युनियर लीगमध्ये खेळणारा पोरगा, त्याच्याकडून कोणाच्या अपेक्षा नव्हत्या. ड्राफ्टनंतर दोन वर्षं युनिव्हर्सिटीत खेळला, एक आख्खा सीझन एएचएलमध्ये काढला, मग २०१५ मध्ये लीगमध्ये आला. २०२५ मध्ये त्याला लीगचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर म्हणून हार्ट ट्रॉफी मिळाली. त्याला जो रस्ता मिळाला तो वरच्या नंबरवाल्यांना मिळत नाही, कारण त्यांना थांबवून ठेवायची हिंमत कोणी करत नाही, तिकिटं खपायची असतात.

२०२५ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत जो नवा करार ठरला त्यात निदान एका बाबतीत बदल करायचं ठरलंय, मेजर ज्युनियरमधला १९ वर्षांचा एक खेळाडू प्रत्येक टीमला एएचएलमध्ये पाठवता यावा. एका टीमला एकच, म्हणजे लीगभरात फार तर ३२ जण. माझ्या मते ही मर्यादा नकोच होती, १९ वर्षांच्या ज्या कोणाला मधली पायरी हवी आहे त्या सगळ्यांना ती मिळायला हवी होती.