पार्श्वभूमी : डाव अर्ध्यात आणि नेट गायब

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे वाहिन्या ट्रिप झाल्या आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. अशा वेळी ऐरोलीतल्या कुणाचा ऑनलाइन पोकरचा डाव रंगात असेल, तर राउटरसोबत तोही टेबलावरून गायब. बंगळुरूहून खेळणाऱ्यांना इथली लाईट गेल्याचं कळत नाही. सर्व्हरलाही नाही, त्याला एवढंच दिसतं की उत्तर आलेलं नाही. त्या माणसाच्या डावाचं काय करायचं, हा वाद सुरू होतो तो इथून.

जानेवारी १९९८ मध्ये पैशांचे पहिले ऑनलाइन पोकर डाव सुरू झाले तेव्हा कनेक्शन डायल-अप, म्हणजे तुटणारच. त्यावर उपाय म्हणून रूमनी (पोकर चालवणाऱ्या साइटनी) टेबलावरचा जुना नियम उसना घेतला : ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून झाल्या की पुढे बोली न लावता तोवरच्या पॉटसाठी (डावात जमलेल्या रकमेसाठी) खेळात राहायचं. घोळ आहे तो या शब्दात. खऱ्या ऑल-इनमध्ये पुढ्यातल्या चिप्स संपलेल्या असतात. नेट गेलेल्याच्या चिप्स तिथेच असतात, फक्त त्या नाहीत असं मानायचं. समजा पॉटमध्ये ६०० आहेत, समोरच्याने आणखी ४०० लावले, तुमच्यापुढे १००० आहेत आणि नेट गेलं. त्या ६०० साठी तुमची पानं शोडाउनपर्यंत (शेवटी पानं उघडेपर्यंत) जिवंत. बाकीच्यांची पुढची बोली साइड पॉटमध्ये (तुमचा हक्क नसलेल्या वेगळ्या रकमेत), आणि तुम्ही दोघेच असाल तर त्याचे ४०० त्याला परत. म्हणजे पुढचं पान फुकटात बघायला मिळतं, वर ब्लफ करून तुम्हाला कुणी उठवूही शकत नाही. गंडा घालायला याहून सोपं काय हवं?

लिमिट खेळात बोली ठरलेली, म्हणून हे खपून गेलं. २००३ मध्ये ऑनलाइन पात्रता मिळवून आलेला एक हौशी अकाउंटंट लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकला आणि नो-लिमिटची लाट आली. तिथे एका बोलीत अख्खी थप्पी जाऊ शकते. मॉडेमची वायर उपटणं हे हत्यारच झालं. आधी रूमनी दिवसाला एकदोनदाच संरक्षण दिलं, पुढे बहुतेकांनी ते काढूनच टाकलं. थोडा जादा वेळ (टाइम बँक), तो संपला की फोल्ड, म्हणजे पानं टाकून डावाबाहेर. बोली लागलेली नसेल तर चेक, म्हणजे काही न लावता डावात कायम. स्पर्धेत तर गैरहजर माणसालाही पानं वाटतात आणि ब्लाइंड (पानं बघण्याआधीच लावावी लागणारी सक्तीची रक्कम) कापत राहतात.

वायर उपटणाऱ्यांपायी लाईट गेलेलेही भरडले गेले, हे मात्र नियमावलीच्या गुळगुळीत भाषेत दिसत नाही. भारनियमन सोसलेल्या ठाणेकराला ते सांगावं लागत नाही.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि खेळ लोकलमध्ये शिरला. तेव्हा फास्ट गाड्या पारसिक बोगद्यातून जायच्या. बोगदा जेमतेम १.३ किलोमीटरचा, पण रेंज गेली की टाइम बँक भराभर आटायची.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि देशी रूमची रोख टेबलं उठली. फुकटच्या चिप्सवरही वेळ संपला की फोल्डच.