भुलीची सुई आणि दहा मिनिटं

सिनेमातला वाघ पिसाळतो. झुडपाआडून कुणीतरी बंदूक रोखतो, 'फट्' असा आवाज होतो, वाघाच्या मानेत लाल शेपटीची एक सुई रुतते. वाघ दोन झोकांड्या खातो आणि आडवा होतो. घड्याळ लावून बघा, पाच सेकंदही जात नाहीत. सिनेमातल्या विज्ञानावर चिडायचं नाही असं मी केव्हाच ठरवलंय. पण या पाच सेकंदांनी घोळ घातलाय. प्राणिसंग्रहालयात एखाद्या प्राण्याला गोळी घालावी लागली की सगळीकडून एकच प्रश्न येतो, "मारायची काय गरज होती? बेशुद्ध करायचं ना!"

हा प्रश्न सगळ्यात मोठ्या आवाजात विचारला गेला तो हरांबेच्या वेळी. २८ मे २०१६, अमेरिकेतलं सिनसिनाटी प्राणिसंग्रहालय. तीन वर्षांचा एक मुलगा कठडा ओलांडून साडेचार मीटर खाली, गोरिलांच्या खंदकातल्या उथळ पाण्यात पडला. आवारात तीन गोरिला होते. आत येण्याचा इशारा दिल्यावर दोन माद्या मुकाट आत गेल्या. तिसरा हरांबे, आदल्याच दिवशी १७ वर्षं पूर्ण केलेला, सुमारे २०० किलोंचा नर. तो आत जायच्या ऐवजी मुलाकडे गेला. त्याने मुलाला कधी उभं केलं, कधी पाण्यातून फरफटत नेलं. वरून लोक किंचाळत होते. साधारण दहा मिनिटांनी त्याला गोळी घालण्यात आली. मुलगा वाचला.

हरांबेचा जीव मोलाचा होता की नव्हता, यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. मोलाचा होताच. पण त्या दहा मिनिटांत नेम धरणाऱ्या माणसासमोरचा प्रश्न मोलाचा नव्हता, वेळेचा होता. तो समजायचा तर भुलीची सुई आत नेमकं काय करते ते बघावं लागेल.

ही सुई म्हणजे उडतं इंजेक्शन. नळीत दोन कप्पे असतात. पुढच्या कप्प्यात औषध आणि मागच्यात दाबून भरलेली हवा, मध्ये दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं. भोक असतं सुईच्या कडेला, आणि त्यावर सिलिकॉनची बारीक रबरी चकती बसवलेली असते. सुई कातडीत घुसली की चकती मागे सरकते, भोक उघडं पडतं, मागची हवा दट्ट्या रेटते आणि औषध स्नायूत जातं. हे सगळं क्षणात होतं. इथपर्यंत सिनेमा बरोबर आहे.

पुढे तो चुकतो. ऑपरेशनच्या टेबलावर भूल घेतलेल्यांना आठवत असेल, डॉक्टर आकडे मोजायला सांगतात आणि दहापर्यंतही पोचता येत नाही. पण ती भूल शिरेत दिलेली असते. चवताळलेल्या गोरिलाची शीर कोण शोधणार? सुई लागते ती दंडात नाहीतर मांडीत. तिथे औषधाचं छोटंसं तळं साचतं आणि त्या तळ्यातून ते हळूहळू केशवाहिन्यांत झिरपतं. एकदा रक्तात आलं की हृदय, फुप्फुसं, परत हृदय आणि मेंदू हा प्रवास मिनिटभराचाही नाही. वेळ खातं ते झिरपणं. त्यात सुई चरबीत लागली तर आणखी उशीर, कारण चरबीला रक्तपुरवठा कमी. हाडावर आपटली तर औषध निम्मं बाहेर. आणि वानरांना हात असतात हे विसरू नका. टोचलेली सुई उपटून फेकणं त्यांना सहज जमतं.

आता मात्रेचा हिशोब. उदाहरणादाखल केटामाइन हे भुलीचं औषध घेऊ. किलोमागे ५ मिलिग्रॅम धरले तर २०० किलोंच्या प्राण्याला १,००० मिलिग्रॅम लागतील. नेहमीच्या द्रावणात मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १० मिलिलिटर औषध हवेतून फेकायचं. एवढी जड सुई लागते तीसुद्धा दगडासारखी. म्हणून ही औषधं जास्त तीव्र करून वापरतात किंवा मुळातच जहाल औषध निवडतात. गेंड्यांसाठी आणि हत्तींसाठी एटॉर्फिन वापरतात. ते मॉर्फिनच्या हजारपटीहून जहाल आहे. काही मिलिग्रॅममध्ये अख्खा गेंडा बसतो, आणि चुकून माणसाला टोचलं तर उतारा हाताशी नसल्यास माणूस जातो. मग वाघाला तेच का देत नाहीत? कारण मांजरकुळाला ही मॉर्फिनच्या घराण्यातली औषधं मानवत नाहीत, त्यांनी ती शांत व्हायच्या ऐवजी चेकाळतात. वाघसिंहांसाठी बहुधा केटामाइन आणि जोडीला झायलाझिन किंवा मेडेटोमिडिन असं मिश्रण असतं.

या जोडीदाराशी मला जरा रेंगाळायचं आहे, कारण सगळी गोम तिथे आहे.

मेंदूच्या देठात 'लोकस सेरुलियस' नावाचा चेतापेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. नावाचा अर्थ निळसर जागा. या पेशींचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात आणि त्यांच्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन सुटतं. हे रसायन मेंदूला जागं ठेवतं, सावध ठेवतं. ते किती सुटावं यावर लगाम हवा, म्हणून त्या टोकांवरच 'अल्फा-२' नावाचे ग्राहक, म्हणजे ते रसायन ओळखून धरणाऱ्या खाचा, बसवलेले असतात. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आठवा. पाणी वर आलं की गोळा उचलला जातो आणि नळ बंद होतो. तसंच इथे. बाहेर पुरेसं नॉरॲड्रिनलिन साठलं की ते अल्फा-२ वर बसतं आणि पेशी म्हणते, झालं, पुरे. झायलाझिन आणि मेडेटोमिडिन याच गोळ्याला फसवतात. टाकी रिकामी असतानाच ते गोळा वर उचलून धरतात. नळ बंद होतो, मेंदू पेंगतो.

युक्ती सुरेख आहे, पण तिच्यात एक खोट आहे. नळ बंद करून येणारं पाणी थांबतं, आधीच सांडलेलं पुसलं जात नाही. पिंजऱ्यात अनोळखी जीव पडलाय, वरून शेकडो माणसं ओरडताहेत, अशा वेळी त्या प्राण्याच्या मेंदूत नॉरॲड्रिनलिनचा पूर आलेला असतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी रक्तात ॲड्रिनलिन ओतलेलं असतं ते वेगळंच. म्हणजे ज्या प्राण्याला तातडीने झोपवायचंय, नेमका त्याच्यावरच औषध सगळ्यात कमी आणि सगळ्यात उशिरा चालतं. शांत उभ्या असलेल्या वाघाला बहुतेक वेळा पाच ते पंधरा मिनिटं लागतात. चवताळलेल्याला किती लागतील हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्रा दुप्पट करावी तर श्वास आणि हृदय मंदावायचा धोका वाढतो. वर या औषधांनी 'झोपलेला' प्राणी एखाद्या किंकाळीने किंवा स्पर्शाने ताडकन उठून बसल्याची उदाहरणं आहेत.

केटामाइनचा मार्ग वेगळा. ते ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहकाच्या वाटेत बूच मारतं, त्यामुळे प्राणी डोळे उघडे ठेवून, पाय ताठ करून पडतो. शरीर इथे आणि मेंदू भलतीकडे, अशी अवस्था. ग्राहकांची नावं डोक्यावरून गेली असतील तर खुशाल सोडून द्या. टाकीतला गोळा तेवढा लक्षात ठेवा.

शेवटची गोष्ट सगळ्यात धोक्याची. भूल मेंदूला एकदम विझवत नाही, टप्प्याटप्प्याने विझवते, आणि सुरुवातीला बरेचदा आवर घालणारी यंत्रणाच ढिली पडते. दारू प्यायलेला माणूस झोपण्याआधी काय काय करतो ते आठवा. लगाम आधी सुटतो, घोडा नंतर झोपतो. मधल्या काळात प्राणी बिथरतो, धडपडतो, समोर येईल त्यावर तुटून पडतो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या झेन्सव्हिल गावाजवळ एका माणसाने आपल्या पाळलेल्या ५६ हिंस्र आणि इतर प्राण्यांपैकी बहुतेक सगळे मोकळे सोडले आणि आत्महत्या केली. पोलिसांनी ४८ प्राण्यांना गोळ्या घातल्या, त्यात १८ वाघ होते. तिथे एका वाघावर भुलीची सुई वापरून पाहिली होती. सुई लागताच तो उसळून उठला आणि शेवटी त्यालाही गोळीच घालावी लागली. हरांबेच्या बाबतीत असं झालं असतं तर त्या क्षणी मुलगा त्याच्या हातात होता. काहीच न करता हरांबे शांतपणे कोसळला असता, तरी २०० किलोंचं धूड खंदकाच्या पाण्यात मुलावर पडायची शक्यता होतीच.

याउलट मेंदूच्या देठात शिरलेली गोळी तत्क्षणी सगळं थांबवते. हृदयात लागलेलीही तसं करत नाही, मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर प्राणी आणखी काही सेकंद हालचाल करू शकतो. म्हणून अशा पथकात नेमबाज निवडताना कसून पारखतात.

'गोरिला काही करणार नव्हता, तो मुलाला सांभाळत होता' असंही बरेच जण म्हणाले. याला आधार आहे, पण अर्धाच. १९८६ साली इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात पाच वर्षांचा मुलगा गोरिलांमध्ये पडला तेव्हा जॅम्बो नावाचा नर त्याच्याजवळ बसला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मुलगा रडायला लागल्यावर बाजूला झाला. १९९६ साली शिकागोजवळच्या ब्रुकफील्डमध्ये बिंटी जुआ या मादीने तीन वर्षांच्या मुलाला उचलून कर्मचाऱ्यांच्या दाराशी आणून ठेवलं, तेही स्वतःचं पिल्लू पाठीवर असताना. तेव्हा लोकांनी याला चमत्कार म्हटलं. मुका जीव निष्पापाला ओळखतो वगैरे. बिंटी जुआला माणसांनी हातावर वाढवलं होतं आणि पिल्लू होण्याआधी ते कसं धरायचं, कसं आणून द्यायचं हे तिला भरलेल्या खेळण्यावर शिकवलेलं होतं. मला ही गोष्ट चमत्कारापेक्षा जास्त आवडते. पण तेवढ्यावरून दुसरा गोरिला कसा वागेल ते ठरत नाही. 'वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवला की तो हल्ला करत नाही' हीसुद्धा त्याच जातीची समजूत. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला. वाघ आधी काही मिनिटं त्याच्यासमोर नुसता उभा होता. वरून लोकांनी दगड मारले, आरडाओरडा केला. मग वाघाने त्याला मानेला धरून उचललं. ना सुई वेळेत पोचली ना गोळी. त्या वाघाला नंतर मारलं नाही, आणि ते योग्यच झालं.

उलट बाजूची अतिशयोक्तीही आहेच. 'गोरिलाची ताकद माणसाच्या दहापट, वीसपट' असे आकडे सर्रास फिरतात, पण मोजणार कोण? चिंपांझीबद्दलही असंच सांगायचे. २०१७ मध्ये त्याच्या स्नायूंचं नीट मोजमाप झालं तेव्हा तितक्याच वजनाच्या मानवी स्नायूपेक्षा ते साधारण १.३५ पट भरलं. पण तीन वर्षांच्या मुलाला इजा व्हायला दहापट ताकद लागतच नाही. गोरिलाच्या नराला नुसता रुबाब दाखवायचा असला तरी तो हातात येईल ती फांदी जमिनीवरून फरफटत पळतो. इथे हातात फांदी नव्हती.

वेळ हाताशी असेल तर मात्र सुईच हवी, यात वाद नाही. जून २०१५ मध्ये जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी इथे महापुरात प्राणिसंग्रहालय उद्ध्वस्त झालं आणि प्राणी शहरात फिरू लागले. एक पाणघोडा भर चौकात आला. त्याच्या तावडीत कुणी माणूस नव्हतं, रस्ता मोकळा करता येत होता. त्याला सुया मारल्या, वाट पाहिली, मग माणसांनी ढकलत ढकलत परत नेलं. त्याच पुरातून सुटलेला पांढरा वाघ चार दिवसांनी एका गोदामात सापडला तो एका माणसाचा जीव घेऊनच, आणि पोलिसांनी त्याला गोळी घातली. दोन्ही निर्णय एकाच तत्त्वाचे आहेत.

तेव्हा माणसाचा जीव मोठा की प्राण्याचा, हे तोलायची खरी जागा बंदुकीच्या टोकाशी नाही, गवंड्याच्या फुटपट्टीशी आहे. २००७ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात तातियाना नावाची वाघीण भिंत ओलांडून बाहेर आली. तिने एका १७ वर्षांच्या मुलाला मारलं आणि पोलिसांनी तिला. भिंत साडेपाच मीटर उंच आहे असं आधी सांगण्यात आलं होतं. मोजली तेव्हा ३.८ मीटर निघाली. शिफारस होती ५ मीटरची. सिनसिनाटीत गोरिलांचं आवार १९७८ पासूनचं. ३८ वर्षांत तिथे कुणी पडलं नव्हतं, म्हणून तीन फुटी कठडा कुणाला खुपला नव्हता. हरांबे गेल्यावर तो साडेतीन फुटांचा झाला, वर दोरीची जाळी लागली, कॅमेरे बसले. सहा इंच आणि एक जाळी! तेही अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या जातीतला एक धडधाकट नर गेल्यानंतर.

आणि सराव. जपानमधल्या काही प्राणिसंग्रहालयांत दरवर्षी प्राणी निसटल्याची कवायत होते. एक कर्मचारी प्राण्याचा पोशाख घालून आवारात धावतो, बाकीचे जाळ्या धरून त्याला घेरतात. २०१९ साली तोबे प्राणिसंग्रहालयातल्या अशा कवायतीची चित्रफीत जगभर पाहिली गेली. सिंहाच्या पोशाखातला माणूस ऐटीत चालत येतो, त्याला भुलीची सुई मारतात, तो आडवा होतो. शेजारच्या पिंजऱ्यातले खरे सिंह हे सगळं टक लावून बघत असतात.