लेव्ही लिड लिफ्ट आणि बाँड: वॉशिंग्टन राज्यात घरपट्टीवर मत देताना

वॉशिंग्टन राज्यात एखाद्या शहराला मतदारांकडून घरपट्टी वाढवून घ्यायची असेल, तर मुख्यतः दोन वाटा असतात: लेव्ही लिड लिफ्ट आणि बाँड. (लेव्ही म्हणजे घरपट्टीची आकारणी.) टपालाने घरी आलेल्या बॅलटवर दोन्ही ‘प्रपोझिशन नंबर वन’ म्हणूनच दिसू शकतात आणि दोन्हींचा भार शेवटी घरपट्टीच्याच बिलावर येतो. त्यामुळे सिएटलजवळच्या रेडमंड, बॉथेल, समामिशकडच्या आपल्या मंडळींत दोन्हींना सरसकट ‘टॅक्सवाढ’ म्हणून मोकळं होण्याची सवय आहे. पुण्या-मुंबईत घरपट्टीवर आपण कधी थेट मत दिलेलं नसतं, म्हणून ही सवय समजण्यासारखी आहे. पण एका वाटेने वाढलेली पट्टी कर्ज फिटलं की थांबते आणि दुसऱ्या वाटेने वाढलेली कायमची मुक्कामाला येऊ शकते. सही करण्याआधी एवढं तरी माहीत असायलाच हवं.

आधी हे ‘लिड’, म्हणजे झाकण, कसलं ते पाहू. २००१ मध्ये इथल्या मतदारांनी इनिशिएटिव्ह ७४७, म्हणजे नागरिकांनीच सह्या गोळा करून मतदानाला आणलेला प्रस्ताव, मंजूर केलं. शहराने घरपट्टीतून गोळा करायची एकूण रक्कम मतदारांना न विचारता वर्षाला जास्तीत जास्त १ टक्का वाढवावी, अशी ती मर्यादा होती. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि विधिमंडळाने लगेच खास अधिवेशन घेऊन तीच मर्यादा पुन्हा कायद्यात आणली. नव्या बांधकामावरची पट्टी या १ टक्क्याच्या बाहेर असते.

ही मर्यादा एकूण रकमेवर आहे, तुमच्या घराच्या बिलावर नाही. कॅलिफोर्नियातून इकडे आलेल्यांचा घोटाळा नेमका इथे होतो. तिथे १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे प्रत्येक घराच्या करपात्र किमतीची वाढ बांधलेली आहे. इथलं गणित गणपतीच्या वर्गणीसारखं आहे: खर्चाचा आकडा आधी ठरतो आणि मग तो घराघरांत किमतीच्या प्रमाणात वाटला जातो. सगळ्यांच्याच घरांच्या किमती १५ टक्क्यांनी वाढल्या, तर दर खाली येतो आणि बिल जवळपास जागेवर राहतं. असेसरचं, म्हणजे घरांची किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याचं, मूल्यांकनाचं पत्र पाहून छातीत धस्स होण्याचं कारण नाही.

आता शहराच्या बाजूने पाहा. १ कोटी डॉलर गोळा करणाऱ्या शहराला पुढच्या वर्षी मिळणार फार तर १ लाख जादा आणि थोडी नव्या बांधकामाची भर. अग्निशामकांचे पगार आणि आरोग्यविमा त्याहून वेगाने वाढतात. म्हणून शहर झाकण उचलायची परवानगी मागतं. ती परवानगी म्हणजे लिड लिफ्ट. साधं बहुमत पुरतं आणि पैसा पगारांसकट रोजच्या कारभारावर खर्च करता येतो. दर हजार डॉलरमागे ४० सेंट वाढ असेल, तर १० लाखांच्या घराला वर्षाला ४०० डॉलर.

बाँड म्हणजे कर्ज. शहर रोखे विकून एकरकमी पैसा उभा करतं आणि ते फेडण्यापुरती वेगळी पट्टी लावतं. हा पैसा इमारत, पूल, जमीन अशा भांडवली कामांनाच वापरता येतो, पगारांना नाही. त्याला ६० टक्के मतं लागतात. शिवाय मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत जेवढं मतदान झालं, त्याच्या किमान ४० टक्के मतदान व्हावं लागतं. म्हणजे ५८ टक्के लोक बाजूने असूनही बाँड पडतो. फेब्रुवारीच्या विशेष निवडणुकीत लोक घरी बसले, तर पुरेशा मतदानाअभावीही पडू शकतो.

सिएटलमध्ये दोन्ही नमुने आहेत. इलियट बेच्या काठची जुनी भिंत ज्या लाकडावर उभी होती, ते समुद्रातल्या बारीक किड्यांनी पोखरलं होतं. २०१२ मध्ये तिच्यासाठी २९ कोटी डॉलरचा, ३० वर्षांचा बाँड आला आणि ६० टक्क्यांची अट आरामात ओलांडून गेला. काम एकदाच करायचं, भिंत पुढच्या पिढ्यांनाही उपयोगाची, तेव्हा खर्च ३० वर्षांत वाटला जाणं मला रास्तच वाटतं.

रस्ते-वाहतुकीची लेव्ही मात्र लिड लिफ्ट आहे: २००६ मध्ये ३६.५ कोटी, ९ वर्षांसाठी. २०१५ मध्ये ९३ कोटी, पुन्हा ९ वर्षांसाठी. २०२४ मध्ये १५५ कोटी, ८ वर्षांसाठी. प्रत्येक लेव्ही मुदतीचीच होती. मुदत संपत आली की पुढची, मोठी लेव्ही समोर आली. तरीही मुदतीची लेव्हीच मला पसंत आहे, कारण शहराला दर वेळी मागच्या पैशाचा हिशेब घेऊन मतदारांच्या दारात यावं लागतं.

कायमच्या लिड लिफ्टमध्ये तसं होत नाही. वाढलेली रक्कम हाच नवा पाया होतो आणि पुढचा दरवर्षीचा १ टक्का त्याच्यावर चढतो. मुदतीची लेव्ही संपल्यावर मात्र ती झालीच नव्हती असं धरून मर्यादा मोजतात. बॅलटवर किती वर्षं ते लिहिलंय का, आणि ही रक्कम पुढच्या लेव्हींची मर्यादा काढायला धरली जाणार, अशा अर्थाचं वाक्य आहे का, हे शोधा. सेंटचा आकडा सगळेच वाचतात, हे वाक्य फार थोडे वाचतात.

घरात वडीलधारी असतील आणि घर त्यांच्याच नावावर असेल, तर आणखी एक फरक जाणवेल. ६१ किंवा त्याहून जास्त वयाच्या, काउंटीच्या उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या घरमालकांना काउंटी असेसरकडे अर्ज करून सवलत मिळते. ती मंजूर असेल, तर बाँडची पट्टी त्यांना पूर्ण माफ असते. लिड लिफ्टची वाढ मात्र प्रस्तावातच तशी सूट लिहिली असेल तरच पूर्ण माफ होते. लिहिली नसेल, तर मतदानाआधी सिटी कौन्सिलला विचारायची हीच वेळ. कौन्सिलच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या, पट्टी भरणाऱ्या पण मत नसलेल्या आपल्या माणसांनीही तिथे जरूर बोलावं.