पंचगंगेनं जवळच्या समुद्राकडे पाठ का फिरवली?

कोल्हापुरातून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. तरी पंचगंगेचं पाणी तिकडे जात नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येतं, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतं आणि दख्खनचं सगळं पठार ओलांडून बंगालच्या उपसागरात पडतं. गगनबावड्याला गेलं की याचं नवल आणखी वाटतं. किनारा तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आणि करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की कोकण पाचेकशे मीटर खाली. कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस पूर्वेला जातो, पलीकडे पडलेला वाघोटणच्या खाडीतून अरबी समुद्रात.

सह्याद्रीचा हा कडा नद्यांनी कोरला हे खरं, पण अर्धंच. मुळात तो भारताच्या तुटलेल्या कडेचा वारस आहे.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहू लागला. थरावर थर साचले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालच्या थराची माती होई आणि वरचा लाव्हा तिला भाजून काढी. घाटरस्त्यांच्या कापात काळ्या पाषाणामधून जे तांबडे पट्टे दिसतात, त्यांतले बरेचसे हेच. कोयनेजवळ संशोधनासाठी खोल विंधनविवर घेतलं, तेव्हा बेसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या या काळ्या पाषाणाचे थर ओलांडायला सुमारे 930 मीटर खाली जावं लागलं. पन्हाळ्याचा बेसाल्ट या थरांच्या वरच्या, म्हणजे उशिराच्या भागातला आहे.

त्या काळात आजच्या पश्चिम किनाऱ्याच्या जागी किनारा नव्हता. पलीकडे जमीनच होती; हिंदी महासागरातल्या आजच्या सेशेल्स बेटांचा भूखंड भारताला चिकटलेला होता. लाव्हा ओसरत असतानाच, साधारण 6 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी, तो सुटा होऊ लागला. मधल्या फटीत नवा सागरतळ तयार होत गेला आणि अरबी समुद्र रुंदावला. भारताची पश्चिम कड खाली वाकली. पनवेलच्या आसपास लाव्ह्याचे थर समुद्राकडे कललेले आजही दिसतात.

कडेच्या आतली बाजू मात्र उंचावली आणि पठाराचा उतार पूर्वेकडे झाला. नद्यांनी तीच वाट धरली. कोकणातल्या नद्या आखूड पण उताराच्या. त्यांनी कडा खालून पोखरत पूर्वेकडे मागे सारला. कोकणातून प्रचंड खडक झिजून गेला, तसा भूकवचावरचा भार कमी झाला. माल उतरवलेली होडी जशी पाण्यातून वर उचलली जाते, तशी ही कड हळूहळू आणखी वर आली. झिजेमुळेच डोंगर उंचावतो, हे मला या साऱ्या कहाणीतलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं.

या उंचीनंच आपला पाऊसही वाटून दिला. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त, तर शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

पन्हाळ्याच्या आणि मसाई पठाराच्या माथ्यावरचा जांभा पाहा. भरपूर पाऊस आणि उष्ण हवामानात बेसाल्ट कुजला, बाकीची द्रव्यं धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. असा जाड थर तयार व्हायला सपाट, संथ निचऱ्याची जमीन लागते. म्हणजे हे माथे एका जुन्या सपाटीचे उरलेले तुकडे आहेत. पन्हाळा भोवतालच्या मुलखापेक्षा 400 मीटर उंच दिसतो, कारण मधली जमीन नद्यांनी नेली. या पठारांवर बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या खनिजासाठी खाण सुरू होते, तेव्हा कोट्यवधी वर्षांत तयार झालेलं, पाणी धरून ठेवणारं छप्परच उचललं जातं. हे मला फार लागतं.

समुद्राच्या बाजूलाही थर साचत होते. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, 1974 साली जिथं तेल लागलं, त्या बॉम्बे हायचं बरंचसं तेल चुनखडकात आहे. उथळ, नितळ समुद्रातल्या जीवांच्या कवचांपासून तो बनला. पुढे हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेला, कोकणातल्या नद्यांनी आपली पात्रं खोल कापली आणि बर्फ वितळल्यावर पाणी त्यांत शिरलं. विजयदुर्गाची खाडी ही अशी बुडालेली नदीची दरीच.

अरबी समुद्राच्याही कितीतरी आधी या भागात एक समुद्र होता. आजरा-गडहिंग्लजची हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा गोकाकला कड्यावरून कोसळते. तो कडा बेसाल्टचा नाही, वालुकाश्माचा आहे. कलादगी नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खडकांच्या खोऱ्यात, शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास किंवा त्याही आधी, उथळ पाण्यात वाळूचे थर बसत होते. हेच जुने खडक दक्षिण कोल्हापुराकडे लाव्ह्याच्या थरांखाली सरकत जातात आणि जिथं बेसाल्ट झिजून गेलाय, तिथं पुन्हा उघडे पडतात.