लायसन्स खरे, इंटरनेट चालू, तरी प्लगइन म्हणते ‘अनधिकृत’

अर्धवट राहिलेले गाणे पुरे करायला बसावे आणि एखाद्या सिंथेसायझर प्लगइनने (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्याच्या प्रोग्रामने) ‘हा संगणक अधिकृत नाही’ एवढेच सांगून गप्प बसावे, हा प्रकार घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना नवा नाही. लायसन्स रीतसर विकत घेतलेले असते, ब्राउझरमध्ये सगळी संकेतस्थळे उघडत असतात, कालपर्यंत काम सुरळीत चालू होते. मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले जाते आणि तोच संदेश पुन्हा समोर येतो. बिघाड बहुधा प्लगइनच्या फाइलींत नसतो, त्यामुळे त्या बदलून काही साधत नाही. शिवाय एक तोटा होऊ शकतो. एका लायसन्सवर मोजक्याच संगणकांना परवानगी असते, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी एबलटन लाइव्हला दोन, क्यूबेसला तीन. ओळख बदललेला तोच संगणक सर्व्हरला नवा वाटला, तर शिल्लक असलेली जागा विनाकारण खर्ची पडते.

अधिकृत करताना सॉफ्टवेअर आधी संगणकाची ओळख पटवणारे काही तपशील गोळा करते: मदरबोर्डचा क्रमांक, डिस्कचा क्रमांक, नेटवर्क कार्डाचा पत्ता वगैरे. त्यांवरून गणिती क्रिया करून एक ठसा तयार होतो. तो कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, सर्व्हर लायसन्स तपासून डिजिटल सही केलेले उत्तर पाठवतो आणि ते उत्तर संगणकात साठवले जाते. पुढे प्लगइन उघडताना ठसा नव्याने काढून साठवलेल्या उत्तराशी जुळवला जातो. म्हणजे गोष्टी दोन ठिकाणी फिसकटू शकतात. एक तर संगणकाचा ठसा बदलतो, नाहीतर सर्व्हरशी विश्वासाचे बोलणे होत नाही. नेटवर्क सेटिंगचा हात दोन्हींत असतो.

यांपैकी काय झाले आहे याचा पहिला सुगावा संदेश किती वेळाने येतो यावरून लागतो. क्षणात आला, तर ठसा जुळलेला नाही, लायसन्सची पार्श्वसेवा (पडद्याआड चालणारा तपासणीचा प्रोग्राम) बंद आहे किंवा सर्व्हरचे नाव चुकीच्या पत्त्याकडे वळवले गेले आहे. अर्धा-एक मिनिट चक्र फिरत राहून मग आला, तर पाठवलेली माहिती वाटेत कुठेतरी गडप होते आहे. संदेशाच्या शब्दांपेक्षा ही वेळ जास्त भरवशाची, कारण अनेक कंपन्या पाच वेगळ्या बिघाडांसाठी एकच वाक्य दाखवतात.

ठसा बदलतो कसा

प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. तो षोडशमान पद्धतीने १२ अंक-अक्षरांत लिहितात आणि कारखान्यातून आलेल्या पत्त्याची पहिली सहा अक्षरे सहसा उत्पादकाची खूण असतात. ठसा काढायला हा पत्ता सोयीचा, कारण तो वाचणे सोपे आणि कार्डागणिक वेगळा. हल्लीच्या काही लायसन्स पद्धती त्यावर कमी विसंबतात, पण जुन्या प्लगइनमध्ये त्याचे वजन मोठे असू शकते.

संगीतकार नेमका इथेच अडकतो. वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला मध्येच अडवून धरतो तेव्हा आवाजात टकटक, चरचर येते. त्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वाय-फाय अडॅप्टर (म्हणजे वाय-फायचे नेटवर्क कार्ड) ‘डिसेबल’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि आवाजापुरता तो बरोबरही आहे. पण डिसेबल केलेला अडॅप्टर सॉफ्टवेअरला मिळणाऱ्या नेहमीच्या यादीत सहसा येतच नाही. ज्या पत्त्यावर ठसा घेतला होता तोच गायब होतो आणि लायसन्स अमान्य ठरते. वाय-फाय नुसते तोडले किंवा एअरप्लेन मोड लावला, तर अडॅप्टर यादीत राहतो. टकटक त्याने थांबत असेल तर तेवढ्यावर भागवावे. अडॅप्टर डिसेबल करणे भागच असेल, तर आधी डिसेबल करून मग लायसन्स घ्यावे आणि ती स्थिती पुढे बदलू नये.

लॅपटॉपला जास्तीच्या जोडण्या देणाऱ्या डॉकमध्ये किंवा यूएसबीच्या जोडणीत स्वतंत्र नेटवर्क कार्ड असते. डॉक जोडून अधिकृत केलेला संगणक डॉकशिवाय अनोळखी ठरू शकतो. व्हीपीएन (जोडणी सुरक्षित आडवाटेने नेणारी सोय) आणि संगणकात आभासी संगणक चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही हे प्रोग्राम आभासी अडॅप्टर तयार करतात. सॉफ्टवेअर यादीतला पहिला अडॅप्टर उचलत असेल, तर व्हीपीएन टाकल्यावर क्रम बदलून आभासी अडॅप्टर पहिला येऊ शकतो. म्हणून लायसन्स घेताना व्हीपीएन बंद असावे आणि डॉक काढलेला असावा.

यादृच्छिक पत्ता हे आणखी एक कारण. वाय-फायवरून माग काढता येऊ नये म्हणून विंडोज १० पासून ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ हा पर्याय मिळतो, आणि २०२४ च्या मॅकओएस सिक्वोयामध्ये ‘प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस’ आला. कार्डाचा मूळ पत्ता तसाच राहतो, पण चालू पत्ता वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला दुसराच दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. पत्त्यातले डावीकडून दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यातला नसून संगणकाने स्वतः ठरवलेला आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा सगळ्या चालू अडॅप्टरांचे पत्ते दाखवते. मॅकवर सिस्टम सेटिंग्जमध्ये त्या वाय-फायच्या तपशिलात हा पत्ता दिसतो. लायसन्स सुरळीत असतानाच ही यादी एका फाइलमध्ये जपून ठेवावी. पुढे काही बिघडले की दोन याद्या शेजारी ठेवल्या की काय बदलले ते दिसते.

ठसा बदलला असेल, तर उपाय पूर्वस्थिती आणण्याचा. डिसेबल केलेला अडॅप्टर सुरू करा, नवा आभासी अडॅप्टर बंद करा, यादृच्छिक पत्ता बंद करा, संगणक पुन्हा चालू करा. लायसन्स परत आले तर निदान पक्के झाले. मग त्याच स्थितीत लायसन्स कंपनीच्या खात्यात परत जमा करा, हवे ते बदल करा आणि नव्याने अधिकृत करा. हा क्रम उलटा करू नका, कारण ठसा जुळत नसलेल्या संगणकावरून लायसन्स परत करणे अनेक सॉफ्टवेअरना जमत नाही आणि मग ग्राहक सेवेकडे अर्ज करावा लागतो.

ब्राउझर चालतो, मग लायसन्स का नाही

ब्राउझर आणि लायसन्सची पार्श्वसेवा एकाच तारेवरून बाहेर जात असले, तरी त्यांचे नियम वेगळे असू शकतात. अनेक कंपन्यांची लायसन्स सांभाळणाऱ्या आयलॉकची ‘पेस लायसन्स सर्व्हिसेस’ किंवा नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे ‘एनटीके डीमन’ या पार्श्वसेवा आहेत. समोर दिसणारी खिडकी फक्त त्यांच्याशी बोलते. फायरवॉलमध्ये रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली आणि पार्श्वसेवेला दिली नाही, तर उपयोग शून्य. बाहेर जाणारी टीसीपी ४४३ ही (सुरक्षित वेब जोडणीची) वाट या सेवेसाठी मोकळी हवी. विंडोजच्या सर्व्हिसेस यादीत ती ‘रनिंग’ आहे का, हेही आधी पाहून घ्यावे.

प्रॉक्सीचे, म्हणजे इंटरनेटची ये-जा आपल्यामार्फत करणाऱ्या मधल्या सर्व्हरचे, दुखणे अधिक फसवे आहे. विंडोजमध्ये वापरकर्त्याची प्रॉक्सी आणि विनएचटीटीपीची (पार्श्वसेवा वापरतात त्या विंडोजच्या जोडणी-सोयीची) प्रॉक्सी यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. ब्राउझर पहिली पाहतो, पार्श्वसेवा बहुधा दुसरी. ऑफिसच्या नेटवर्कसाठी कधीकाळी लावलेली दुसरी नोंद तशीच राहिली, तर ब्राउझर धडधाकट आणि लायसन्स ठप्प. ‘नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ ही आज्ञा ती नोंद दाखवते, आणि ‘शो’च्या जागी ‘रीसेट’ लिहिले की ती पुसली जाते. पुसण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडावा लागतो.

खिडकी आणि पार्श्वसेवा यांचे बोलणे अनेकदा १२७.०.०.१ या पत्त्यावरून चालते. हा पत्ता म्हणजे संगणक स्वतःच. प्रॉक्सी लावताना स्थानिक पत्ते वगळले नसतील, तर हा निरोप बाहेरच्या प्रॉक्सीकडे जातो आणि तिथे १२७.०.०.१ म्हणजे ती प्रॉक्सी स्वतः! ‘सेवा सापडत नाही’ असा संदेश येतो, आणि सेवा तर समोर चालू दिसत असते. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये स्थानिक पत्ते वगळण्याची खूण केली की हे सुटते.

होस्ट्स फाइल (सर्व्हरची नावे आणि पत्ते यांची संगणकातली यादी) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. विंडोजमध्ये ती सिस्टम३२ मधल्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरच्या ‘ईटीसी’ या उपफोल्डरात असते, मॅकवर थेट ‘ईटीसी’मध्ये. सर्व्हरच्या नावाचा पत्ता डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या सेवेला) विचारण्याआधी संगणक या फाइलीत पाहतो. चोरीचे सॉफ्टवेअर बसवणारे प्रोग्राम इथे लायसन्स सर्व्हरची नावे १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० कडे वळवून ठेवतात. पुढे त्याच संगणकावर खरे लायसन्स घेतले, तरी त्या ओळी शाबूत असतात आणि कंपनीचा सर्व्हर कधीच सापडत नाही. जुना संगणक विकत घेतला असेल तर ही शक्यता पहिल्यांदा पाहावी. फाइलची प्रत ठेवून फक्त कंपनीच्या नावाच्या ओळी काढा. मॅकवर ‘लोकलहोस्ट’च्या मूळ ओळींना हात लावू नका. जाहिराती अडवणारे डीएनएस किंवा राउटरवरचे गाळण हाच परिणाम घडवते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लायसन्स मिळाले, तर संशय घरच्या राउटरवर घ्यायला हरकत नाही.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) अर्धवट चालत असेल, तर ब्राउझर ते लपवतो. एका पत्त्यावरून उत्तर येईना, तर सेकंदाच्या पाव भागात तो दुसरा पत्ता आजमावतो. साध्या लायसन्स प्रोग्रामला एवढी हुशारी नसते, तो पहिल्याच पत्त्यापाशी वाट पाहत बसतो. अडॅप्टरच्या गुणधर्मांत आयपीव्ही६ची खूण तात्पुरती काढून पाहा. फरक पडला तर दोष राउटरवर किंवा सेवा पुरवणाऱ्याच्या बाजूला शोधा आणि खूण परत लावा.  

घड्याळ आणि प्रमाणपत्रे

वाट मोकळी असूनही बोलणे तुटते ते विश्वासाच्या टप्प्यावर. सर्व्हर आपली ओळख पटवायला जे डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते आणि तपासणी संगणकाच्या घड्याळावरून होते. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि खरे प्रमाणपत्रही ‘अजून लागू झालेले नाही’ असे ठरते. विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर असतील, तर एक घड्याळात स्थानिक वेळ लिहितो आणि दुसरा जागतिक, त्यामुळे वेळ काही तासांनी सरकते. घड्याळ मागे गेलेले दिसले की काही लायसन्स प्रणाली फसवणुकीचा संशय घेऊन स्वतःला कुलूप लावतात. म्हणून वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू आहे ना, ते पाहावे. तिला यूडीपी १२३ ही वाट लागते.

जुनी ध्वनी उपकरणे चालावीत म्हणून अनेक स्टुडिओत जुनी प्रणाली मुद्दाम सांभाळलेली असते. तिच्यापुढे वेगळी अडचण आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या भरवशावर इतर प्रमाणपत्रे मानली जातात त्याची) मुदत संपली आणि सिएरापूर्वीच्या मॅकओएसवर असंख्य सुरक्षित जोडण्या तुटल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये सुरक्षित जोडणीच्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या अधिकृतपणे बाद ठरल्या. विंडोज ७ मधल्या विनएचटीटीपीला १.२ आवृत्ती वापरायला स्वतंत्र अपडेट आणि नोंद लागते. फायरफॉक्स मात्र प्रमाणपत्रांचा साठा स्वतःजवळ बाळगतो. तिथे कंपनीचे पान उघडले म्हणून प्रणाली ठीक आहे असे समजू नये.

अँटिव्हायरसमधली एचटीटीपीएस (म्हणजे सुरक्षित वेब जोडण्यांची) तपासणीही याच टप्प्यावर आड येते. तो मध्ये बसून आपले प्रमाणपत्र पुढे करतो. ब्राउझर ते मानतो, पण ठरावीक प्रमाणपत्रच स्वीकारणारे लायसन्स सॉफ्टवेअर ते नाकारते. पूर्ण अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही, तेवढी तपासणी थांबवली की पुरते.

दोन नेटवर्क कार्डांचा स्टुडिओ

डान्टेसारख्या पद्धतीने नेटवर्क केबलवरून आवाज नेणाऱ्या संगणकात बहुधा दोन जोडण्या असतात: ध्वनीसाठी तारेची, इंटरनेटसाठी वाय-फायची. ध्वनीच्या कार्डावर डीफॉल्ट गेटवे (बाहेरच्या जाळ्याकडे जाणाऱ्या दाराचा पत्ता) भरलेला असेल, तर विंडोज वेगवान तारेला पसंती देते आणि इंटरनेटकडे जाणारी माहिती अशा वाटेने पाठवते जिथे पुढे इंटरनेटच नाही. ‘रूट प्रिंट’ या आज्ञेत ०.०.०.० च्या दोन ओळी दिसल्या की समजावे. ज्या ओळीचा मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) कमी, ती वाट जिंकते. ध्वनीच्या कार्डावर गेटवेची आणि डीएनएसची जागा रिकामी ठेवावी. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घाबरू नये, डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) नसलेल्या डान्टे जाळ्यात तोच अपेक्षित असतो.

एवढे सगळे पाहूनही तिढा सुटला नाही, तर ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ (विंडोजची नेटवर्क मांडणी मूळपदावर आणणारी आज्ञा) आणि संगणक पुन्हा चालू करणे हा शेवटचा उपाय आहे. त्याने काही व्हीपीएन पुन्हा बसवावे लागतात, म्हणून तो आधी करू नये. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रत्येक बदलानंतर प्लगइन तपासा.

नेटवर्क मुळातच हाताबाहेरचे असेल, जसे महाविद्यालयातले किंवा लॉगिनचे पान दाखवणारे, तर ऑफलाइन पद्धत वापरा. एबलटन लाइव्हमध्ये संगणकाचा हार्डवेअर कोड दुसऱ्या संगणकावरून खात्यात भरला की लायसन्सची एयूझेड फाइल मिळते. ती यूएसबीवरून आणून उघडली की काम होते. आयलॉकची लायसन्स यूएसबी किल्लीवर ठेवली, तर संगणकाच्या ठशाचा प्रश्नच उरत नाही. आयलॉक क्लाउडला (लायसन्स इंटरनेटवरच ठेवण्याच्या पद्धतीला) मात्र सत्र चालू असेपर्यंत अखंड इंटरनेट लागते, त्यामुळे रंगमंचावर वाजवायच्या संगणकासाठी ते निवडू नये. कार्यक्रमाआधी लायसन्स किल्लीवर किंवा संगणकावर हलवून घ्यावे, इंटरनेट तोडून प्रत्येक प्लगइन एकदा उघडून पाहावे.